निवेदकाचा आवाज : पूर्वतयारी आणि निगा

कांहीं वर्षांपूर्वीं घडलेली एक गोष्ट प्रथम सांगतों. कारण प्रस्तुत लेखाचा उगम तींतच आहे. नभोवाणीवरील मुलांच्या एका कार्यक्रमासाठीं आमच्या शाळेंतील सहा विद्यार्थ्यांस बोलावणें आलें. पांच जणांनीं गाणीं व संवाद सादर करावयाचे आणि इयत्ता आठवीतील एका मुलानें निवेदन करावयाचें, असें ठरलें. त्या मुलाचे उच्चार स्वच्छ, वाचन समजून केलेलें. तेव्हां निवड योग्यच होती. त्याची तयारी करून घेण्याचें काम मजकडे आलें. शाळा सुटल्यावर मी त्यास रोज सभागृहाच्या एका टोकास उभा करीत असें, स्वतः दुसऱ्या टोकास बसत असें, आणि ‘मोठ्यानें! मला ऐकूं येत नाहीं!’ असें वारंवार बजावीत असें. तीन आठवडे हा क्रम चालला. ध्वनिमुद्रणाच्या दिवशीं सकाळीं तो मुलगा माझ्याकडे आला तो गळ्यावर हात ठेवूनच. आवाज बसला होता. वाक्याच्या मध्येंच तो फाटे, आणि शेवटचा शब्द तर नुसती हवा होऊन बाहेर पडे. ऐन वेळीं निवेदन दुसऱ्या एका मुलीनें केलें. तो मुलगा कांचेपलीकडच्या खोलींत माझ्या शेजारीं बसून राहिला. त्यानें तक्रार केली नाहीं. दोष आपलाच आहे असें त्यास वाटत होतें, आणि हेंच मला अधिक लागलें.

कार्यक्रम संपल्यावर तेथील निवेदिकाबाईंनीं त्यास जवळ बोलावून प्यावयास पाणी दिलें, आणि मजकडे वळून त्या हंसत म्हणाल्या, ‘सर, आमचा मायक्रोफोन बहिरा नाहीं हो!’

मोठा आवाज म्हणजेच चांगला आवाज, ही माझी वीस वर्षांची समजूत त्या एका वाक्यानें ढांसळली. त्यानंतर या विषयावर जें वाचावयास मिळालें तें मीं वाचलें, घशाच्या डॉक्टरांस व अनुभवी निवेदकांस प्रश्न विचारले, आणि स्वतःच्या घशावर थोडे प्रयोगहि केले. त्यांचें सार येथें देत आहें. तें केवळ नभोवाणीवर जाणाऱ्या मुलांसाठीं नाहीं. आमच्या पालकवर्गांत शिक्षक आहेत, वकील आहेत, बाजारांत दिवसभर पुकारा करून माल विकणारे आहेत. ज्यांचें पोट आवाजावर आहे अशा सर्वांस त्यांतील कांहीं ना कांहीं उपयोगी पडेल.

प्रथम मायक्रोफोननें काय बदललें तें पाहूं. पूर्वीं वक्त्यास किंवा कीर्तनकारास मंडपांतील शेवटच्या माणसापर्यंत स्वतःच्या छातीच्या बळावर पोंचावें लागे. मुंबईंत २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या नभोवाणी केंद्राचें उद्घाटन तत्कालीन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें झालें; १९३६ सालीं सरकारी नभोवाणीस ‘ऑल इंडिया रेडिओ’ हें नांव मिळालें, आणि पुढें ‘आकाशवाणी’ हें नांव घरोघरीं रूढ झालें. या नव्या साधनानें बोलणाऱ्यापुढील प्रश्नच पालटला. आवाज दूर नेण्याचें काम विजेनें पत्करलें. श्रोता शंभर कोसांवर असला तरी निवेदकाचा मायक्रोफोन त्याच्या मुखापासून वितीच्या अंतरावर असतो. शिवाय तो श्रोता सभेंत बसलेला नसतो. तो घरीं भाजी निवडीत असतो, शेतांत मोटेच्या जागीं आलेल्या पंपाजवळ उभा असतो, किंवा रुग्णशय्येवर एकटा पडलेला असतो. अशा एकट्या माणसाशीं ओरडून कोण बोलेल? म्हणून निवेदकास मोठा आवाज लागत नाहीं. स्थिर, स्पष्ट आणि न थकणारा आवाज लागतो. तसा आवाज कसा राखावा हें कळण्यास तो कोठें उत्पन्न होतो तें समजून घेतलें पाहिजे.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या गळ्याच्या पुढील बाजूस बोट ठेवा आणि प्रथम ‘स्’ हा वर्ण लांबवून म्हणा. बोटास कांहींच जाणवणार नाहीं. आतां ओंठ मिटून ‘म्’ लांबवा. बोटाखालीं भुंगा अडकल्यासारखी थरथर जाणवेल. व्याकरणांत आपण कठोर व मृदु वर्ण शिकतों. त्यांतील भेद तो हाच. मृदु वर्ण उच्चारतांना स्वरतंतु कंप पावतात, कठोर वर्ण उच्चारतांना ते स्तब्ध राहतात. ‘तंतु’ हें नांव थोडें फसवें आहे. सतारीच्या तारेसारख्या त्या तारा नसून श्वासनलिकेच्या मुखाशीं, स्वरयंत्रांत, समोरासमोर असलेल्या त्या दोन मऊ व ओलसर घड्या आहेत. मोठ्या माणसांतहि त्यांची लांबी बोटाच्या एका पेराएवढीच असते. फुफ्फुसांतून येणारा श्वास त्यांच्यामधून जातांना त्या अतिशय वेगानें मिटतात व उघडतात, आणि त्यांतून मूळ ध्वनि निघतो. तो ध्वनि घसा, तोंड व नाक यांच्या पोकळ्यांत घुमून भरदार होतो. जीभ, दांत व ओंठ त्यास वर्णांचा आकार देतात.

हे स्वरतंतु जिवंत माणसाच्या गळ्यांत प्रत्यक्ष हालतांना नीट पाहण्याचें श्रेय बहुधा मान्वेल गार्सिया या संगीतशिक्षकास दिलें जातें. १८५४ सालीं त्यानें दंतवैद्याचा लहानसा आरसा स्वतःच्याच घशांत धरला, दुसऱ्या आरशानें त्यावर सूर्यप्रकाश पाडला, आणि स्वतःचे स्वरतंतु पाहिले. पुढच्याच वर्षीं त्यानें आपलें निरीक्षण लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें मांडलें. एका शिक्षकाच्या जिज्ञासेनें वैद्यकास केवढें साधन मिळवून दिलें, हें येथें सहज ध्यानांत येईल.

या लहानशा अवयवास किती श्रम पडतात याचा हिशेब करूं. साध्या बोलण्यांत पुरुषाचे स्वरतंतु सेकंदास सुमारें १०० ते १३० वेळां, आणि स्त्रीचे सुमारें १८० ते २२० वेळां एकमेकांवर आपटतात; मुलांचे तर त्याहूनहि अधिक वेळां. सेकंदास २०० हा आंकडा धरला तर दहा मिनिटांच्या बातमीपत्रांत ही संख्या १,२०,००० होते. विराम व कठोर वर्ण यांसाठीं निम्मा वेळ सोडून दिला तरी ६०,००० आघात उरतात. आतां ओरडून बोलणें म्हणजे काय, तें पाहा. टाळी हळू वाजविली तर हात दुखत नाहींत. तीच साठ हजार वेळां जोरानें वाजविली तर तळहात सुजतील. स्वरतंतूंचेंहि तसेंच आहे. ते सुजले म्हणजे नीट मिटत नाहींत, मधून हवा निसटते, आणि आवाज घोगरा होतो. दीर्घकाळ असेंच चालू राहिलें तर त्यांवर घट्टे पडतात. शिक्षकांत व फेरीवाल्यांत हा विकार अनेकदां आढळतो. त्या मुलास मीं तीन आठवडे जी तालीम दिली ती नेमकी ह्या विकाराच्या वाटेवरची होती.

आतां पूर्वतयारीकडे वळूं. तबलजी हातोडीनें तबला लावून घेतल्यावांचून बैठक सुरू होत नाहीं, आणि गोलंदाज हातपाय मोकळे केल्यावांचून चेंडू टाकीत नाहीं. निवेदकानेंहि दहा मिनिटें स्वतःच्या आवाजास दिलीं पाहिजेत. त्यांचा क्रम असा.

पहिली पायरी शरीराची. खांदे वर उचलून सैल सोडावे, मान सावकाश दोन्हीं बाजूंस वळवावी, जबडा बोटांनीं हलकेच चोळून ढिला करावा, आणि एक मनसोक्त जांभई द्यावी. वर्गांत जांभई देणें गैर असेल, परंतु येथें तींच औषध आहे. तिनें घसा आंतून रुंद होतो.

दुसरी पायरी श्वासाची. एक हात पोटावर ठेवून नाकानें श्वास घ्यावा. पोट पुढें यावें, खांदे वर जाऊं नयेत. चार आंकडे मोजीपर्यंत श्वास घ्यावा, आणि ‘स्’ असा बारीक, एकसारखा आवाज करीत दहा आंकड्यांपर्यंत सोडावा. पुढें अभ्यासानें पंधरापर्यंत न्यावा. वाक्याच्या शेवटीं ज्याचा आवाज बुडतो त्याचा घसा वाईट नसतो. बहुधा त्याचा श्वास आधींच संपलेला असतो.

तिसरी पायरी सुराची. ओंठ मिटून हळू आवाजांत ‘म्’ गुणगुणावा, ओंठांवर गुदगुल्या होईपर्यंत. मग लहान मूल खेळण्यांतली मोटार चालवितांना जसें ओंठ फडफडवितें तसें करीत आवाज खालून वर व वरून खालीं सरकवावा. हें ऐकून घरची मंडळी हंसतील, हंसूं द्यावीं. याहूनहि गुणकारी एक उपाय आहे. अर्धा पेला पाणी घेऊन त्यांत सरबताची नळी दोन बोटें बुडवावी आणि नळींतून हळूच ‘ऊ’ असा सूर काढावा. पाण्यांत बुडबुडे येतात, आणि मुखांत जो हलका दाब उत्पन्न होतो तो स्वरतंतूंस एकमेकांवर जोरानें आपटूं देत नाहीं. घशांत कोठेंहि ताण वाटला तर थांबावें. पूर्वतयारी दुखतां कामा नये.

चौथी पायरी उच्चारांची, आणि येथें आपली वर्णमालाच उत्तम गुरु आहे. आपल्या पूर्वजांनीं वर्णांची मांडणी स्थानानुक्रमें केली आहे. ‘क’ वर्ग कंठाशीं, ‘च’ वर्ग तालूशीं, ‘ट’ वर्ग मूर्धेशीं, ‘त’ वर्ग दांतांशीं आणि ‘प’ वर्ग ओंठांशीं. पांचहि वर्ग क्रमानें, सावकाश व ठसठशीत म्हटले कीं घशापासून ओंठांपर्यंत मुखाच्या सर्व भागांस व्यायाम घडतो. बालवर्गांतील पाठ असा प्रौढपणींहि कामास येतो. मराठींत आणखी एक दक्षता हवी. ‘चार’ या संख्येंतील च तालव्य आहे, तर गुरांच्या ‘चारा’ या शब्दांतील च दांतांशीं उच्चारला जातो. ‘जग’ म्हणजे विश्व यांतील ज एक, आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा यांतील ज दुसरा. कागदावर दोन्हीं सारखींच दिसतात. कानास मात्र चूक तत्काळ कळते. म्हणून निवेदनाचा कागद हातीं येतांच तो एकदां मोठ्यानें वाचावा, विरामाच्या जागीं पेन्सिलीनें रेघ मारावी, आणि अपरिचित नांवांचा उच्चार जाणत्यास विचारून घ्यावा.

ज्यांस पहाटेच्या सभेस निवेदन करावयाचें असतें त्यांनीं विशेष जपावें. रात्रभर आडवें पडल्यानें स्वरतंतु किंचित सुजट असतात व त्यांवर कफ दाटलेला असतो; म्हणून झोंपेंतून उठलेल्या माणसाचा आवाज जड लागतो. मायक्रोफोनपुढें बसण्यापूर्वीं निदान तासभर उठलेलें असावें, आणि घरच्यांशीं दोन साधे शब्द बोललेले असावे.

मायक्रोफोनपुढें बसल्यावर काय करावें? तोंड एक वीत दूर व किंचित बाजूस असावें. तळहात तोंडासमोर धरून ‘फ’ आणि ‘भ’ म्हणून पाहा. वाऱ्याचा झोत हातावर आदळेल. हाच झोत मायक्रोफोनवर आदळला कीं श्रोत्यास धप्प असा आवाज ऐकूं येतो, आणि मराठींत अशा महाप्राण वर्णांची वाण नाहीं. कानावरील हेडफोनांत आवाज फार मोठा ठेवूं नये. सभोंवार गोंगाट असला कीं माणूस नकळत आवाज चढवितो, हें लोंबार्ड नांवाच्या फ्रेंच डॉक्टरानें १९११ सालीं दाखवून दिलें. हेडफोनांत मोठें संगीत चालूं असतांना बोलणाऱ्याचीहि तीच गत होते. दुसरी एक गोष्ट : ध्वनिमुद्रित केलेला स्वतःचा आवाज प्रथम ऐकतांना बहुतेकांस तो परका व पातळ वाटतो. यांत दोष कांहीं नाहीं. एरवीं स्वतःचा आवाज आपणांस कानांप्रमाणेंच कवटीच्या हाडांतूनहि ऐकूं येतो, म्हणून तो भरदार वाटतो. लोक जो आवाज ऐकतात तो यंत्रांतला. त्यास लाजूं नये, त्यापासून शिकावें. आज घरोघरीं भ्रमणध्वनि आहे, त्यावर एक परिच्छेद मुद्रित करून ऐकणें हा फुकटचा शिक्षक होय.

आतां रोजच्या निगेविषयीं. पहिलें औषध पाणी. पण त्याचें कार्य लोक समजतात तसें नाहीं. पाण्याचा घोट घेतांना श्वासमार्ग मिटतो आणि पाणी अन्ननलिकेंत जातें. तें स्वरतंतूंस स्पर्शहि करीत नाहीं. शरीरांत मुरून मग तें त्यांस ओलावा देतें, आणि यास वेळ लागतो. म्हणून दिवसभर थोडें थोडें पाणी पीत असावें. मायक्रोफोनपुढें घेतलेला घोट केवळ तोंड ओलें करतो. ज्येष्ठमध, खडीसाखर, हळद घातलेलें दूध यांनीं घशास बरें वाटतें, तें अवश्य घ्यावें. परंतु त्यांनीं स्वरतंतूंची सूज उतरते असें मानूं नये. वाफ मात्र श्वासावाटे तेथपर्यंत पोंचते. मुलांस वाफ देतांना वडीलधाऱ्यांनीं जवळ असावें आणि उकळत्या भांड्यावर तोंड धरूं देऊं नये, भाजण्याचें भय असतें.

कांहीं संवयी निरुपद्रवी दिसतात, पण घात करतात. वारंवार खाकरणें ही त्यांतील पहिली. खाकरतांना स्वरतंतु एकमेकांवर घांसले जातात, त्यानें अधिक कफ सुटतो आणि पुन्हां खाकरावेंसें वाटतें. त्याऐवजीं आवंढा गिळावा किंवा पाण्याचा घोट घ्यावा. आवाज बसला असतां कुजबुजून बोलणें हें विश्रांतीसारखें भासतें. पण जोर लावून केलेली कुजबूज स्वरयंत्रास ताणते. त्यापेक्षां मौन बरें, आणि बोलणें भागच असेल तर हळू व साध्या सुरांत बोलावें. बधिर करणाऱ्या गोळ्या चघळून बोलत राहणें घातुक, कारण वेदना ही सूचना आहे आणि गोळी ती सूचनाच बंद करते. रात्रीं उशिरां भरपेट जेवून लगेच निजल्यास जठरांतील आम्ल घशापर्यंत चढून स्वरयंत्रास दाह करतें. जेवण व झोंप यांत दोन-तीन तासांचें अंतर असावें. तंबाखू व धूम्रपान यांविषयीं निराळें सांगावयास नकोच. क्रीडांगणावर दुरून कोणास बोलवावयाचें तर शिटी आहे, टाळी आहे. नाहींतर चार पावलें चालत जावें.

इयत्ता सातवी ते नववीतील मुलांस व त्यांच्या पालकांस एक वेगळा शब्द सांगावयाचा आहे. या वयांत मुलाचें स्वरयंत्र झपाट्यानें वाढतें, स्वरतंतु लांब व जाड होतात, आणि आवाज सुमारें एक सप्तक खालीं उतरतो. मुलींचाहि आवाज उतरतो, पण दोन-तीन स्वरच. नव्या वाद्यावर बसावयास हाताला जसे दिवस लागतात तसे मेंदूस या नव्या स्वरतंतूंची ओळख होण्यास महिने लागतात. तोंवर आवाज मध्येंच चिरकतो. ही प्रकृतीची चाल आहे, व्यंग नव्हे. या काळांत वर्गानें हंसूं नये, घरच्यांनीं नक्कल करूं नये, आणि शिक्षकानें पूर्वीचा उंच सूर काढण्याचा हट्ट धरूं नये. वाचन चालूं ठेवावें, पण सोसेल त्या सुरांत व थोडा वेळ.

सर्दीनें बसलेला आवाज बहुधा आठ-पंधरा दिवसांत सुटतो. सर्दी नसतांना किंवा ती बरी झाल्यावरहि घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला, तर घरगुती उपायांवर विसंबूं नये. कान, नाक व घसा यांच्या डॉक्टरांकडे जावें. श्वास घेण्यास त्रास होत असेल, गिळतांना दुखत असेल किंवा थुंकींतून रक्त येत असेल, तर एक दिवसहि थांबूं नये. गार्सियाच्या आरशाच्या जागीं आज सूक्ष्म कॅमेरे आहेत आणि तपासणी थोड्या मिनिटांची असते. घट्टे आरंभींच कळले तर बहुधा शस्त्रक्रियेवांचून, विश्रांतीनें व योग्य बोलण्याच्या शिक्षणानें बरे होतात.

त्या मुलाचें पुढें काय झालें, असें वाचक विचारतील. डॉक्टरांनीं त्यास तपासलें. स्वरतंतु सुजले होते आणि आवाज फुटण्याचें वयहि तेंच होतें. दोन आठवडे त्यानें वर्गांत उत्तरें पाटीवर लिहून दाखविलीं. मीं त्याची सर्वांसमक्ष क्षमा मागितली. चूक सर्वांसमक्ष झाली होती, तेव्हां क्षमाहि तशीच मागणें प्राप्त होतें. पुढील वर्षीं वार्षिक संमेलनाचें निवेदन त्यानेंच केलें. आवाज आतां खालच्या पट्टींतला, नवा होता. आरंभापूर्वीं तो पडद्यामागें पाण्याचा पेला व नळी घेऊन बुडबुडे काढीत उभा होता आणि लहान मुलें त्याकडे कुतूहलानें पाहत होतीं. मी नेहमींप्रमाणें सभागृहाच्या शेवटच्या बांकावर जाऊन बसलों. तो समोरच्या माणसाशीं बोलावें इतक्याच आवाजांत बोलला, आणि प्रत्येक शब्द मला ऐकूं आला.